सत्तेचाळीस नंबरचं रक्त

आठल्ये सरांचा पेपर छापून आला त्या दिवशी संस्थेत पेढे वाटले. मी घेतला नाही. शिपायाने दोनदा खोका पुढे केला आणि तिसऱ्या खेपेला विचारलं, "मॅडम, उपास आहे का?" मी म्हटलं, "हो, आजपासून." तो हसला. मला हसू आलं नाही. त्या पेपरात एकोणीस पानं होती, सात आलेख होते, आणि एका तक्त्याखाली चिमुकल्या अक्षरांत एक ओळ होती. त्या ओळीपायी मी आज हे लिहायला बसले आहे.

मी हेमा खांबेटे. राहते डोंबिवली पूर्वेला. शहाऐंशी साली बायोकेमिस्ट्रीची पीएच.डी. पदरात पाडून ठाण्याला एका धर्मादाय ट्रस्टच्या संशोधन संस्थेत लागले. ट्रस्टचं नाव घेत नाही. घेतलं तर नोटीस येईल, आणि माझं उरलेलं आयुष्य नोटिशींना उत्तरं देण्यात जाईल. माझ्या नाकावर राग असतो असं घरी सगळेच म्हणतात. असू दे. ज्यांच्या नाकावर तो कधीच येत नाही अशी माणसं मी जवळून पाहिली आहेत, आणि मला त्यांच्यात जायचं नाही.

आमचं काम रक्तातल्या चरबीचं. चरबी रक्तात मोकळी हिंडत नाही, कारण पाण्यात तेल मिसळत नाही हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. म्हणून शरीर तिला प्रथिनांचं वेष्टन चढवतं आणि त्याचे बारीक कण करून रक्तात सोडतं. या कणांना लायपोप्रोटीन म्हणतात. त्यातले काही रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून बसतात, तिथे थर साचतो, आणि एक दिवस वाट बुजते. आठल्ये सरांचं म्हणणं, जितकं कोलेस्टेरॉल जास्त तितका धोका जास्त, यापलीकडे काही पाहायची गरज नाही. मला वाटायचं, पलीकडे काहीतरी आहे. कोलेस्टेरॉल अगदी बेताचं असलेली माणसंही चाळिशीत कोसळताना मी पाहत होते. नुसत्या थराने वाट बुजत नसावी, त्या थराला आतून सूज येत असावी, दुखऱ्या फोडासारखी, आणि मग तो फुटत असावा, असं माझ्या मनाने घेतलं होतं. शरीरात कुठे दाह असला की सीआरपी नावाचं एक प्रथिन रक्तात वाढतं. ते मी मोजायचे. आगरच्या पातळ थरावर रक्ताच्या निवळीचा थेंब टाकायचा, दोन दिवसांनी त्याभोवती पांढरं कडं उमटतं, ते पट्टीने मोजायचं; कडं जितकं मोठं तितकं सीआरपी जास्त. सर याला "खांबेट्यांची रांगोळी" म्हणायचे. सगळे हसायचे. मीही पहिलं वर्षभर हसले.

सत्याऐंशी साली सरांचा मोठा अभ्यास सुरू झाला. एका बाजूला डोंबिवलीतले एकशे बारा ऑफिसवाले, बैठ्या कामाचे, दुपारी डबा खाणारे. दुसऱ्या बाजूला डोंबिवली पश्चिमेच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एकशे बारा माणसं, दर घरातून एक. कोळी मासे खातात, वल्ही मारतात, जाळी ओढतात, त्यांचं कोलेस्टेरॉल कमी, म्हणून हा आमचा तुलनेचा निरोगी गट. पाच वर्षं दर वर्षी दोन्ही गटांचं रक्त घ्यायचं आणि कोणाला हृदयविकार होतो ते पाहायचं. निरोगी गटाला नाव देताना कोणी त्यांना विचारलं नव्हतं की बाबांनो, तुम्ही निरोगी आहात का? एमआयडीसीतून रंगीत पाणी येतं त्या खाडीत ही माणसं कमरेपर्यंत उभी असायची. बायकांच्या हिरड्या मिश्रीने काळ्या आणि सुजलेल्या. पण सरांनी एकदा गटाचं नाव निरोगी ठरवलं म्हणजे ते निरोगी.

कोळीवाड्याचं काम माझ्याकडे आलं. मी तिथून बरंच शिकले. शिबिर रविवारी ठेवलं तर एकही माणूस यायचा नाही, कारण त्यांचं कॅलेंडर वेगळं. अमावास्या-पुनवेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा सगळे पाण्यात. अष्टमी-नवमीच्या सुमाराला पाण्याला जोर नसतो, त्याला ते भांग म्हणतात, तेव्हा होड्या काठाला असतात. मी पंचांग बघून भांगाचे दिवस धरायला लागले. बाटल्या थंड ठेवायला बर्फ लागायचा. तो शेवंती नावाची कोळीण द्यायची, तिच्या मासळीच्या बर्फातला, आणि तिचा नवरा परशुराम तो डोक्यावरून देवळाच्या ओट्यापर्यंत आणायचा, जिथे आमचं शिबिर भरायचं. परशुराम एकोणचाळीस वर्षांचा, आवाज खणखणीत. नंबर सत्तेचाळीस. दर वर्षी विचारायचा, "बाय, माझा रगत तुझ्या फ्रिजान काय करते ग? थंडी नाय वाजत त्याला?"

प्रत्येकाला एक गुलाबी कार्ड दिलं होतं. त्यावर नंबर, कोलेस्टेरॉलचा आकडा आणि एक जांभळा शिक्का: निरोगी. कार्डावर घरातल्या सगळ्यांना ट्रस्टच्या डोंबिवलीतल्या दवाखान्यातून औषध फुकट. आणि खाली ठळक अक्षरांत सूचना: "दर वर्षी तपासणीस हजर राहणे आवश्यक. गैरहजर राहिल्यास कार्ड रद्द होईल." ही सूचना सरांनी लिहिली नव्हती. मी लिहिली होती. माणसं गळू नयेत म्हणून. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते तेव्हा.

शिबिरात आम्ही नंबर पुकारायचो. नावं पुकारली तर एकाच नावाची चार-चार माणसं उठायची. शिवाय मी ओट्याच्या मागे, रक्त गरगर फिरवून निवळी काढणाऱ्या सेंट्रिफ्यूजपाशी असायचे, रक्त काढणारे पुढे. नव्वद सालच्या शिबिरात बर्फ परशुरामाचा धाकटा भाऊ धाकू घेऊन आला. माझ्या मनात आलं, परशुराम पाण्यात गेला असेल. भांगाच्या दिवसांत कोणी पाण्यात जात नाही, हे मला माहीत होतं. तरी मी विचारलं नाही. एक्याण्णव सालीही विचारलं नाही.

एक्याण्णवच्या डिसेंबरात मी एक नवी चाचणी बसवली. एल पी ए नावाचा एक खास लायपोप्रोटीन असतो, चिकट आणि खोडसाळ. त्याची गंमत अशी की तो माणसागणिक वेगळा असतो, पण एका माणसात जन्मभर जवळपास तेवढाच राहतो. आईबापाकडून मिळतो, सख्ख्या भावांतही वेगळा निघू शकतो, खाण्यापिण्याने फारसा हलत नाही. फ्रीजरमध्ये पाचही वर्षांच्या बाटल्या होत्या. मी सगळ्या काढल्या आणि नंबरवार मोजायला घेतल्या.

सत्तेचाळीस नंबरचा एल पी ए पहिली तीन वर्षं भलताच वर होता. चौथ्या वर्षी जवळजवळ शून्य. पाचव्या वर्षीही शून्य.

पहिल्यांदा वाटलं, माझीच चूक. पुन्हा केलं. मग द्रावणं बदलून तिसऱ्यांदा केलं. मग बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या भिंगाखाली तपासल्या. आकडे हलेनात. असेच आणखी पाच नंबर निघाले, अर्ध्यावर रक्त बदललेले. माणसाचं वजन बदलतं, मत बदलतं, पण हे बदलत नाही. म्हणजे तो माणूसच बदलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोळीवाड्यात गेले. शेवंती बाजारातून येऊन रिकामी टोपली धूत होती. तिची सासू दगडाबाई दारात जवळा निवडत बसली होती. मी विचारलं, "परशुराम कुठे आहेत?"

शेवंतीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मस्करीच करते आहे. म्हणाली, "बाय, तुला ठाव नाय? त्यो गेला. होळीच्या आधी. दोन वर्सं व्हतील आता."

मी तिथेच पायरीवर बसले. माझ्या कागदांवर परशुराम जिवंत होता. त्याचं कोलेस्टेरॉल एकशे बहात्तर होतं, वजन दोन किलोने वाढलं होतं.

शेवंतीने सांगितलं ते असं. पहाटे जाळं टाकून आला आणि छातीत जळजळ म्हणाला. डावा हात जड. घाम इतका की बनियन पिळून निघावा. दोघं ट्रस्टच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांपुढे कार्ड ठेवलं. "डाक्तरनी कार्ड बघला. बोलला, अरे तुझा तर सगळा नॉर्मल हाय, मोठे संस्थेचा छापा हाय यावर. ॲसिडिटी झालीय. गुलाबी औषद दिला बाटलीन. दोन चमचे दिले मी. जेवायचे येलेला उठवाय गेली, तर..." ती पुन्हा टोपली धुवायला लागली. टोपली केव्हाच स्वच्छ झाली होती.

संताप म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तोवर जे होतं ती चिडचिड होती. आमच्या एका शिक्क्याने माणूस घरी परत पाठवला होता. डॉक्टरने नाडी पाहिली नाही, कार्डियोग्राम काढला नाही, छापा पाहिला. आणि परशुरामाच्या सीआरपीचं कडं तीन वर्षं सलग एवढं मोठं येत होतं की दोनदा शेजारच्या कड्याला टेकलं होतं. ते माझ्या वहीत होतं. कार्डावर नव्हतं, कारण कार्डावर रांगोळ्या छापत नाहीत.

तेवढ्यात धाकू आला. मी त्याच्यावर ओरडलेच. "परशुरामाच्या नावाने तुम्ही रक्त दिलंत? दोन वर्षं? मला सांगायचं नाही का?"

धाकू मुळीच गडबडला नाही. "त्यान काय सांगायचा? नंबर घराचा हाय ना? तुमचा मानूस सत्तेचालीस ओरडला, मी उठलो. बाय, होरीन जागा रिकामी नाय ठेवत आमी. दादूस गेला तर दादूसच्या जागेवर मी वल्हा धरला. तसाच ह्ये. आमच्या घरानी पाच वर्सं कबूल केलती, ती पुरी करायची ना?"

लबाडी नावालाही नव्हती त्याच्या बोलण्यात. होडीतला एक गेला तर त्याच्या जागी घरचा दुसरा बसतो, जाळं अडत नाही. शब्द घराचा असतो, एकट्या माणसाचा नसतो. आम्ही दर घरातून एक माणूस घेतला, त्याला नंबर दिला, नंबर पुकारला, आणि वर धमकी छापली की गैरहजर राहिलात तर कार्ड रद्द. मग त्यांनी दुसरं काय करायचं होतं? उलट दगडाबाईच मला समजवायला लागली, "रागवू नको गो बाय. सुई टोचताना पोऱ्या डोला मिटतो, पन जातो."

मी एकशे बारा घरं पायाखाली घातली. आठ दिवस लागले. प्रत्येक दारात एकच प्रश्न: सत्याऐंशी साली कार्ड काढलं तो माणूस कुठे आहे? नऊ माणसं गेली होती. एक बुडाला, एकाला कावीळ झाली, दोघं क्षयाने. उरलेली पाच छातीने गेली, सगळी पन्नाशीच्या आत, सगळ्यांच्या कार्डावर निरोगीचा शिक्का. नऊच्या नऊ घरांतून भाऊ, मुलगा, पुतण्या रक्त देऊन गेले होते; त्यातल्या तिघांचा एल पी ए गेलेल्या माणसासारखाच होता, म्हणून ते माझ्या चाचणीतून सुटले होते. त्या पाचही जणांचं कोलेस्टेरॉल दोनशेच्या खाली. त्या पाचही जणांचं कडं मोठं. पाच माणसांवरून काही सिद्ध होत नाही, एवढी अक्कल मला आहे. पण पाच माणसं मेली, एवढं तर सिद्ध होतं?

आठल्ये सरांसमोर मी सगळं मांडलं. डॉक्टर गोपीनाथ आठल्ये, आमचे संचालक. कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अहो खांबेटे," ते म्हणाले, "ऑफिसवाल्यांत सहा जणांना हृदयविकार आणि कोळ्यांत शून्य, हा आपला निष्कर्ष आहे. तुमचे पाच घातले तर उरलं काय? सहा आणि पाच?"

"मग सहा आणि पाच, सर."

"आणि पाच वर्षांचं काम?"

"काम वाया जात नाही. उलट प्रश्न सुरू होतो. कोलेस्टेरॉल कमी असून ही माणसं का मेली? पुढचं नंतर पाहू, आधी तो शिक्का थांबवा. एकशे बारा घरांत अजून ते कार्ड आहे. उद्या कोणाच्या छातीत दुखलं तर तो तेच घेऊन दवाखान्यात जाणार."

"निरोगी गटातल्या माणसाला रोग होत असेल तर तो निरोगी गटात नकोच," सर म्हणाले. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण ते शांतपणे पुढे बोलत होते. "आणि फसवणूक त्यांनी केली आहे, आपण नाही. तोंडी गोष्टींवर मी तक्ते बदलत नाही. लेखी आणा. मृत्यूची तारीख, लक्षणं, रक्त कोणी दिलं, सगळं. मग पाहू."

त्यांना वाटलं मी आणणार नाही. कारण लेखी दिलं की गैरहजेरी कबूल, आणि गैरहजेरी कबूल की कार्ड रद्द. नियम माझाच. दगडाबाईला रक्तदाबाची गोळी त्या कार्डावर मिळत होती. इतर आठ घरांत कोणाला साखरेची, कोणाला दम्याची.

हे लपवून सह्या घेतल्या असत्या तर माझ्यात आणि सरांत काय फरक राहिला असता? मी देवळाच्या ओट्यावर जमातीपुढे उभी राहिले आणि सरळ सांगितलं. लिहून दिलंत तर तुमचं औषध बंद होण्याची शक्यता आहे. नाही दिलंत तर कागदावर तुमची माणसं जिवंत राहतील, आणि शिक्का चालू राहील. बराच वेळ कुजबुज चालली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. कोणी म्हणालं, गेलेला माणूस कागदावर आला काय, न आला काय. शेवंती उठली. म्हणाली, "माझा नवरा त्या छाप्यावर इस्वास ठेवून निजला. आता दुसऱ्याचा नको." मग दगडाबाईकडे वळून म्हणाली, "आये, तुझी गोली जाईल." दगडाबाई म्हणाली, "जाऊ दे. अंगठा खय लावायचा?"

नऊ घरांनी लिहून दिलं. शेवंतीने सही केली, एक एक अक्षर दाबून. मी नऊ कागद, तारखा, माझे आकडे, सगळं एका फाइलमध्ये घालून सरांच्या टेबलावर ठेवलं आणि पोच घेतली. ब्याण्णवचा फेब्रुवारी होता. मार्चमध्ये विचारलं, सर म्हणाले, अभ्यास चालू आहे. जूनमध्ये विचारलं, म्हणाले, समितीकडे आहे. सप्टेंबरमध्ये पेढे आले.

मी पेपर जिन्यातच उभ्याने वाचला. ऑफिसवाले सहा, कोळी शून्य. "अंगमेहनत व मत्स्याहार यांमुळे या समाजास हृदयविकारापासून संपूर्ण संरक्षण" असं शेवटी. माझ्या सीआरपीचं नाव नाही. माझं नाव होतं, लेखकांच्या यादीत सातवं, मला न विचारता घातलेलं. आणि तिसऱ्या तक्त्याखाली ती ओळ: "नऊ व्यक्तींनी सहकार्य न केल्यामुळे त्यांना अभ्यासातून वगळले आहे."

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. खोका अजून त्यांच्या टेबलावर होता.

"सर, ही माणसं मेली आहेत."

"हो, खांबेटे. म्हणजे तपासणीला उपलब्ध नव्हती. त्याला परिभाषेत असंच म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या वाक्य बरोबर आहे."

"मी लेखी आणलं होतं. तुम्ही मागितलंत म्हणून आणलं."

"आणि त्या लेखी पुराव्यावरूनच आपण त्यांना वगळू शकलो. तुमचे आभार मानायला हवेत." ते खरंच आभार मानत होते. त्यात टोमणा नव्हता. माझ्या आयुष्यात मला इतकं कोणी लाजवलं नाही. परशुराम मेल्याचा पुरावा मी गोळा केला, आणि त्याच पुराव्याने त्याला पुसून टाकलं. मी नसते तर निदान तो त्या एकशे बारांत मोजला गेला असता.

मी काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं खरं की बाहेरच्या शिपायाने दार लावून घेतलं. सर शेवटी म्हणाले, पटत नसेल तर राजीनामा द्या. मी दिला नाही. दिला असता तर त्यांनी मलाही असहकारात धरून वगळलं असतं. त्याऐवजी मी घरी जाऊन मासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं, नऊ तारखा आणि पाच कडी घालून, लेखकांच्या यादीतून माझं नाव काढा म्हणून. ते पत्र अजून विचाराधीन आहे असं मला दोनदा कळवण्यात आलं आहे.

शिक्का थांबवायला मात्र मला कोणाची परवानगी नको होती. सुट्टी टाकली, लाल शाईचं पेन घेतलं आणि पुन्हा कोळीवाड्यात गेले. घरोघरी कार्ड मागून घ्यायचं, "निरोगी" वर आडवी रेघ मारायची, आणि खाली लिहायचं: "छातीत दुखल्यास ताबडतोब कार्डियोग्राम काढावा. या कार्डावर विसंबू नये." खाली माझी सही, हुद्द्यासकट. एकाने विचारलं, मग हे कार्ड ठेवायचं कशाला? मी म्हटलं, गोळ्यांसाठी ठेवा, जिवासाठी नको. कार्डं दवाखान्यात दिसल्यावर माझ्यावर काय कारवाई होईल ते मला ठाऊक होतं. होऊ दे.

सत्तेचाळीस नंबरच्या घरात रेघ मारायला कार्डच नव्हतं. ते ट्रस्टने मागून घेतलं होतं. "सहकार्य न केल्याबद्दल" असं छापील पत्र आलं होतं, नऊही घरांना. शेवंतीने ते पत्र माझ्यापुढे धरलं आणि वाचायला सांगितलं. तिला वाचता येत होतं, पण ते मी मोठ्याने वाचावं असं तिचं म्हणणं होतं. धाकू दाराशी जाळ्याची गाठ मारत होता. दगडाबाई भिंतीला टेकून बसली होती, पायांवर सूज दिसत होती. गोळी दोन महिने बंद होती. मी पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून तिच्यापुढे ठेवली. तिने ती पदरात बांधली.

मी पत्र वाचलं. मग पेपरातली ती ओळही वाचून दाखवली, मराठीत करून. लपवायचं आता काय राहिलं होतं? नऊ व्यक्तींनी सहकार्य न केल्यामुळे.

शेवंतीने मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग तिने धाकूला हाक मारली, त्याच्या सदऱ्याची बाही कोपराच्या वर सरकवली आणि तो हात माझ्यापुढे धरला, सुई टोचतात त्या जागेवर बोट ठेवून.

"जित्तेपनी तीन वर्सं दिला," ती म्हणाली, "आनि मेल्यावर दोन वर्सं दिला माझ्या नवऱ्यानी रगत. अजून काय सहकार्य पायजे व्हता तुमाला?"

तुमाला, म्हणाली ती. आठल्ये सर तिथे नव्हतेच. तिच्यासमोर मी उभी होते.